एका छताखालची कार्यालये आणि त्यांचा पैसा : खानदेशातील पार्श्वभूमी

खानदेशातील तालुक्याच्या गावी मध्यवर्ती प्रशासकीय इमारतीचा प्रस्ताव आला की तो नव्या विचाराचा म्हणून मांडला जातो. वास्तविक अनेक कार्यालये एकाच आवारात असणे ही इथली जुनी रीत आहे. इंग्रजी अमलातील मामलेदार कचेरीत महसुलाचे दप्तर, तिजोरी आणि कैद्यांची कोठडी शेजारी शेजारी असत, आणि अर्जनवीस व मुद्रांकविक्रेते त्याच आवारात बसत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा जळगावच्या वाट्याला जिल्ह्याचे ठाणे आले. बांधणारे, वापरणारे आणि खर्च सोसणारे सरकार एकच असल्याने त्या काळी जागेच्या वाटपावरून फारसा वाद होण्याचे कारण नव्हते.

ही घडी विस्कटली ती १९६२ नंतर. जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या, शेती, आरोग्य, शिक्षण यांचा बराच कारभार त्यांच्याकडे गेला, राज्याच्या खात्यांचीही तालुका पातळीवरील कार्यालये वाढत गेली, आणि जुन्या कचेरीत न मावणारी कार्यालये गावभर भाड्याच्या जागांत विखुरली. खासगी जागेचे भाडे वाजवी असल्याचे प्रमाणपत्र बांधकाम खात्याकडून घ्यावे लागते. ते मिळेपर्यंत घरमालक थांबतो, आणि भाडे वाढवायची वेळ आली की तेच चक्र पुन्हा सुरू होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी जळगाव जिल्ह्यात बोदवड व धरणगाव हे तालुके झाले, तेव्हा या गावांना कार्यालयांची उभारणी जवळजवळ मुळापासून करावी लागली. एकत्र इमारतीच्या मागणीला खरा जोर आला तो या टप्प्यावर.

आराखडा करताना प्रत्येक खात्याकडून कर्मचारीसंख्येनुसार जागेची मागणी मागवली जाते. तीत प्रत्येक खाते आपल्या खोल्या मोजते; जिना, व्हरांडा, स्वच्छतागृह, सभागृह आणि वाहनतळ मात्र कोणाच्याच मागणीत ठळकपणे येत नाहीत. तळमजल्यावर सर्वांचाच डोळा असतो. उपकोषागाराला, म्हणजे तालुक्याच्या सरकारी तिजोरीच्या कार्यालयाला, सुरक्षा खोली आणि पहारा हवा, दुय्यम निबंधकाकडे दस्तासाठी म्हातारी माणसे साक्षीदारांसह येतात, आणि अभिलेख कक्षातील रुमालात बांधलेल्या दप्तरांचे वजन वरच्या मजल्यावर चढवायचे तर स्लॅब त्या भाराचा धरावा लागतो. राहता राहिला सर्वांत वरचा मजला. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकणाऱ्या या प्रदेशात तो कोणालाही नको असतो, आणि ज्या खात्याचा आवाज लहान त्याच्याच गळ्यात तो पडतो.

पैशाची वाट याहून अवघड आहे. राज्याच्या कार्यालयीन इमारतींचा भांडवली खर्च प्रामुख्याने ४०५९ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या ठरावीक सदराखाली, पडतो. तरतूद वर्षाची असते, ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम व्यपगत होते, म्हणजे परत जाते, आणि काम मात्र अनेक वर्षे चालते. दरम्यान दरसूची, म्हणजे बांधकामाचे सरकारी दर, बदलते आणि वाढीव खर्चासाठी सुधारित प्रशासकीय मान्यतेचा फेरा मागे लागतो. जिल्हा परिषद किंवा निमसरकारी संस्था याच इमारतीत जागा मागते तेव्हा तिचा हिस्सा ठेव अंशदान म्हणून आधी भरून घेण्याची सोय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते एकत्र इमारतीसाठी हाच सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण त्यात कोणी किती जागेसाठी किती पैसे दिले हे कागदावर राहते. पण हाती रोख रक्कम असलेल्या संस्था थोड्या, म्हणून चर्चा दरवेळी गाळ्यांकडे वळते.

रस्त्याच्या अंगाला तळमजल्यावर दुकानांचे गाळे काढायचे, त्यांच्या अनामत रकमेतून बांधकाम करायचे आणि वर कार्यालये थाटायची, ही ती कल्पना. तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण पैसा वरून येण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र या कल्पनेचा खानदेशातला सर्वांत मोठा दाखला जळगावचा आहे, आणि समर्थक तो अर्धाच सांगतात. तेथील नगरपालिकेने एकीकडे घरकुलांसह अनेक योजनांसाठी मोठी कर्जे काढली, दुसरीकडे शहरभर व्यापारी संकुले उभी केली आणि स्वतःसाठी सतरा मजली इमारत बांधली. २००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, आणि गुंता इथेच आहे. गाळ्यांचे जुने करार १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाच्या काळातले होते, तर नव्या संस्थेला १९४९ चा महापालिका अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ७९ नुसार मालमत्ता चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. २०१२ मध्ये दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत संपली तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. गाळेधारकांचे म्हणणे असे की, आम्ही अनामत भरली आणि बाजारपेठ आम्हीच वसवली, तेव्हा जुन्या दराच्या आसपासच नूतनीकरण व्हावे. प्रशासनाला कायद्याबाहेर जाता येत नव्हते. त्यातून कलम ८१-ब खालच्या गाळे रिकामे करण्याच्या नोटिसा, थकबाकीचे आकडे, मोर्चे आणि न्यायालयीन फेऱ्या सुरू झाल्या. २०१९ च्या नियमांनी भाडे बाजारमूल्याच्या ८ टक्क्यांवर नेले, व्यापाऱ्यांनी ते अशक्य ठरवले, आणि २०२३ मध्ये दर बराच खाली आणण्यात आला. दोन्ही बाजूंना आपापले कारण होते. तरी मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर करारातच लिहिलेले असते तर एवढी वर्षे गेली नसती, असे म्हणण्यास जागा आहे.

तालुक्याच्या इमारतीत हेच गणित लहान प्रमाणात पण अधिक अडचणीचे होते. गाळे दिले की दुय्यम निबंधकाला आणि उपकोषागाराला हवा असलेला तळमजला जातो. भाडेही जागेच्या मालकीप्रमाणे वेगवेगळ्या तिजोरीत जमा होते : जमीन पंचायत समितीची असेल तर जिल्हा परिषदेच्या स्वीय उत्पन्नात, महसूल खात्याची असेल तर राज्याच्या तिजोरीत. यातले काहीही त्या इमारतीच्या देखभालीसाठी आपोआप राखून ठेवले जात नाही. परिणामी अनामतीतून इमारत उभी राहते आणि उद्वाहक (लिफ्ट) बंद पडला की दुरुस्तीची फाईल या खात्याकडून त्या खात्याकडे फिरते. सभागृहाचे वीजमीटर बहुधा तहसीलदारांच्या नावे असते, सभा मात्र सगळ्यांच्या होतात. हे टाळायचे तर प्रत्येक खात्याने व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात वीज, पाणी आणि सफाईचा वाटा प्रशासकीय मान्यतेच्या वेळीच लेखी कबूल करावा लागेल आणि मीटर मजलानिहाय बसवावे लागतील. मीटरचा खर्च अंदाजपत्रकात धरता येतो. वाट्याची कबुली मात्र प्रत्येक खात्याच्या वरिष्ठांकडून यावी लागते, आणि प्रस्ताव बहुतेक वेळा तिथेच अडून राहतो.