नीलकंठदर्शन

नीलकंठदर्शन : विजयादशमीला (आश्विन शुद्ध दशमी) गावाबाहेर शिवारात किंवा रानाच्या कडेला जाऊन नीलकंठ पक्षी पाहण्याची प्रथा. शमीपूजन व सीमोल्लंघन यांच्याशी ती निगडित असून उत्तर भारत, बंगाल व तेलंगणात विशेष आढळते. महाराष्ट्रातही दसऱ्याला चास (नीलकंठ) दिसणे शुभ मानतात.

नीलकंठ (कोरेशियस बेंघालेन्सिस) सु. ३० ते ३४ सेंमी. लांबीचा असतो. चास, नीलपंख ही त्याची इतर मराठी नावे. कंठ मात्र निळा नसतो. तो तांबूस तपकिरी असून त्यावर फिकट रेघा असतात. तारेवर किंवा बाभळीच्या वाळक्या फांदीवर मिटल्या पंखांनी बसलेला हा पक्षी मळकट दिसतो व नवख्याच्या नजरेतून सहज सुटतो. नाकतोडा टिपण्यासाठी तो जमिनीकडे झेपावला, की पंखांतील गडद व फिकट निळे पट्टे एकदम उलगडतात. भक्ष्य घेऊन तो बहुधा त्याच फांदीवर परततो. म्हणून तो उडून गेला तरी पाहणाऱ्याने जागा सोडू नये. वीण साधारणतः मार्च ते जून या काळात, झाडांच्या ढोल्यांत होते. पावसाळा सरल्यावर दख्खनच्या उघड्या माळांवर व शेतांत तो अधिक नजरेस येतो. दसऱ्याशी त्याचे नाते जुळण्यामागे हेही एक कारण असावे.

प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. रामाने लंकेवर विजय मिळवण्यापूर्वी नीलकंठ पाहिला, ही लोककथा सर्वपरिचित आहे. पक्ष्याचे प्राचीनत्व मात्र निःसंशय आहे. ऋग्वेदातील औषधिसूक्तात (१०.९७.१३) यक्ष्म्याला (रोगाला) ‘चाषेण किकिदीविना’, म्हणजे चाष (चास) व किकिदीवि यांच्यासह, उडून जाण्यास सांगितले आहे. येथे पक्षी एक की दोन, यावर मतभेद आहेत. अमरकोश या संस्कृत शब्दकोशाने ‘चाषः किकीदिविः’ असे समानार्थी शब्द दिले आहेत. तैत्तिरीय संहितेच्या भाष्यात किकिदीवि म्हणजे तित्तिर असा अर्थ येतो, तर काही आधुनिक भाषांतरकारांनी त्याला खंड्या मानले आहे. किकिदीवि हा शब्द ध्वनीवरून आला असल्यास नीलकंठाच्या कर्कश ओरडण्याशी तो जुळतो, त्यामुळे अमरकोशाचा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात चाषाच्या हत्येला प्रायश्चित्त सांगितले आहे. दर्शनाचा विधी तेथे नाही.

खरी अडचण पुढे आहे. निबंधग्रंथांत (धर्मशास्त्रावरील संकलनग्रंथांत) विजयादशमीला खंजनदर्शन सांगितलेले आढळते आणि त्या वेळी म्हणावयाचा श्लोक असा : ‘नीलग्रीव शुभग्रीव सर्वकामफलप्रद। पृथिव्यामवतीर्णोऽसि खञ्जरीट नमोऽस्तु ते॥’ खंजरीट किंवा खंजन म्हणजे धोबी पक्षी. त्याच्या अनेक जाती शरदाच्या आगेमागे उत्तरेकडून येतात. ज्योतिषी वराहमिहिराने (सु. सहावे शतक) बृहत्संहितेत त्याच्या वर्षातील पहिल्या दर्शनाची फळे देणारा स्वतंत्र अध्याय लिहिला. काळ्या गळ्याचा तो भद्र, मुखापासून कंठापर्यंत काळा तो संपूर्ण, गळ्यावर काळा ठिपका असलेला रिक्त आणि पिवळा तो गोपीत, असे त्याने वर्गीकरण केले. पहिले दोन शुभ, उरलेले अशुभ. गोपीत म्हणजे आजचे करडा धोबी, पिवळा धोबी इत्यादी पिवळ्या पोटाचे धोबी असावेत. रिक्त व भद्र या वेगळ्या जाती आहेत की एकाच पांढऱ्या धोब्याची ऋतुमानानुसार बदलणारी पिसे, हे ठरवणे कठीण आहे. मात्र मूळ निरीक्षण बारकाईचे आहे, यात शंका नाही. फळाफुलांनी लगडलेली झाडे, पवित्र जलाशय व उद्याने या ठिकाणी झालेले दर्शन त्याने शुभ मानले आहे.

धोब्यांपैकी कोणाचाही गळा निळा नाही. तेव्हा श्लोकातील ‘नीलग्रीव’ (निळ्या गळ्याचा) या शिववाचक विशेषणामुळे दर्शनाचा मान खंजनाकडून नीलकंठाकडे सरकला असावा, असे एक अनुमान करता येते. संस्कृतात ‘नीलकंठ’ हा शब्द मोर व इतर पक्ष्यांसाठीही येतो, हे लक्षात घेता नावांची सरमिसळ अशक्य नाही. उलट, दोन स्वतंत्र लोकाचार पुढे एकत्र आले, असेही म्हणता येईल. पहिला पक्ष अधिक सबळ दिसतो.

तेलंगणात या पक्ष्याला पालपिट्ट म्हणतात. तेथे दसऱ्याला जम्मीच्या (शमीच्या) झाडाकडे जाताना तो दिसावा अशी इच्छा असते. तो त्या राज्याचा, तसेच कर्नाटक व ओडिशाचा राज्यपक्षी आहे. बंगालमधील जुन्या घराण्यांत दुर्गाविसर्जनाच्या दिवशी, देवी कैलासाकडे निघाल्याची वार्ता शंकराला कळावी म्हणून नीलकंठ सोडत.

दर्शन सोपे व्हावे म्हणून पक्षी पकडून, पाय बांधून, पंख छाटून पिंजऱ्यातून दारोदार दाखवण्याचा प्रकार मात्र क्रूर आहे. त्यात पक्षी मरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार असे पकडणे गुन्हा आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालाने नीलकंठाची घटती संख्या पाहून त्याच्या जागतिक संवर्धन-दर्जाचा फेरविचार सुचवला आहे. बंगालमधील काही घराण्यांत आता मातीचा नीलकंठ विसर्जित करतात.