हा पेपर कोणाचा? मथळ्यातली बाजू आणि बारीक टाइप

कुठल्याही तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर बसा. पेपर हातात घेतलेला माणूस बातमीआधी एक प्रश्न विचारतो: "हा पेपर कोणाचा?" त्याला संपादकाचं नाव नको असतं. पेपर कुठल्या साहेबांचा, कुठल्या दादांचा, एवढंच त्याला हवं असतं. तेवढं कळलं की बातमी किती चमचे मिठासोबत घ्यायची ते तो ठरवतो.

या प्रश्नाचं अधिकृत उत्तरही पेपरातच छापलं जात आलं आहे. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला आतल्या पानाच्या कोपऱ्यात 'फॉर्म ४' नावाचा रुक्ष चौकोन येतो. त्यात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात. शेवटी मालक आणि एकूण भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा असलेले भागधारक असतात. १८६७ च्या मुद्रण कायद्याखाली १९५६ मध्ये केलेल्या नियमांनी हे छापणं बंधनकारक केलं. वाचक ते ओलांडून राशिभविष्याकडे जातात. पण बाजू ओळखायला बारीक टाइपापर्यंत जाण्याची वेळ मराठी वाचकावर फार उशिरा आली. त्याआधी शंभरेक वर्षं ती पहिल्याच पानावर ठसठशीत छापलेली असे.

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं तेव्हा मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर शेजारी शेजारी होते. हेतू ज्ञानप्रसाराचा होता. पुढच्या पिढीला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केलं ते सत्यशोधकांची बाजू मांडायला. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' निघाला आणि संपादक झाले आगरकर. निःपक्षपातीपणाचा दावा यांतल्या कुणी केला नाही, तशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

पेपरला बाजू आहे की नाही आणि पेपरात छापलेलं खरं आहे की नाही, हे दोन प्रश्न आपण सर्रास एकत्र कालवतो. ते किती वेगळे आहेत हे 'केसरी'च्या पहिल्याच मोठ्या प्रकरणात दिसलं. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, अशा आशयाचा मजकूर 'केसरी' आणि त्याचं इंग्रजी भावंड 'मराठा' यांनी छापला. पुरावा म्हणून बर्व्यांच्या नावाची पत्रं होती. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. खटल्याच्या वेळी त्यांना दहा हजारांचा जामीन राहिले ते सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे. सामाजिक प्रश्नांवर 'केसरी'शी ज्यांचं पुढे हाडवैर झालं, त्याच गोटातले.

पण गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या सेवकाशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा मृत्यू झाला. म्हणजे छळाची शंका निराधार नव्हती, हातातला कागद मात्र खोटा होता. आपल्या बाजूला सोयीचा कागद आला की तो उलटून बघायचा राहून जातो. मोबाइलवर फिरणारं पत्र तसंच्या तसं पहिल्या पानावर घेणाऱ्या आजच्या बातमीदाराने हे प्रकरण एकदा तरी वाचावं, असं मला फार वाटतं.

बाजू उघड असूनही मजकूर भरवशाचा असू शकतो, याचं उदाहरण नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यात सापडतं. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून तिथून 'दीनमित्र' चालवला, तोही अर्ध्या शतकाहून अधिक काळ. तो सत्यशोधकी होता आणि ते कधी लपवलं नाही. सावकार, भटभिक्षुकी, शेतकऱ्याची फसवणूक हे विषय शहरी पेपरांत जागाच मिळवत नव्हते. ते इथे गावच्या भाषेत आले.

जागा न मिळणं हाही पक्षपातच, आणि तो पकडणं सगळ्यांत अवघड, कारण न छापलेल्या बातमीचं कात्रण काढता येत नाही. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला. पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते, हे निदान 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात आहे. पैसे मिळत असूनही न छापण्याची ही घटना लक्षात ठेवा, नव्वद वर्षांनी नेमकं उलटं घडणार आहे.

'बातमी वेगळी, मत वेगळं' ही रीत मराठीत रुजवण्याचं मोठं श्रेय नानासाहेब परुळेकरांना जातं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला पुण्यात 'सकाळ' काढला. अग्रलेखापेक्षा बातमीला आणि पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा नागरिकाच्या रोजच्या अडचणीला त्यांनी वजन दिलं. गावोगावी वार्ताहर नेमले. आजच्या 'तालुका प्रतिनिधी'ची वंशावळ तिथवर जाते.

तरीही मोठा प्रश्न पेटला की पेपर बाजू घेतच राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांचा 'मराठा' निघाला, तो सरळ सरळ लढ्याचा पेपर होता. गोव्यात तर एकाच भाषेतली दोन दैनिकं समोरासमोर उभी ठाकली. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा, तर मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधातला. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर विलीनीकरणविरोधी प्रचाराचं मोठं हत्यार ठरलं. निकालात १,७२,१९१ मतं विरोधात पडली आणि १,३८,१७० बाजूने. मराठी पेपर म्हणजे महाराष्ट्रवादी पेपर, हा हिशेब तिथेच चुकला.

नावावरूनही बाजू कळत नाही. 'तरुण भारत' दोन आहेत. बेळगावचा १९१९ मध्ये बाबुराव ठाकुरांनी सुरू केला, त्याची ओळख सीमाप्रश्नाशी जोडलेली. नागपूरचा संघविचाराचा म्हणून ओळखला जातो. गंमत अशी की १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली तेव्हा अध्यक्षपदी होते ग. त्र्यं. माडखोलकर, म्हणजे नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक.

सत्तरीनंतर चित्र पालटलं. १९७१ च्या डिसेंबरात 'लोकमत' नागपूरहून दैनिक म्हणून निघाला. संस्थापक जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे नेते, पुढची पिढीही काँग्रेसकडून खासदार आणि मंत्री झाली. १९८५ मध्ये 'सकाळ' पवार कुटुंबाकडे आला. २३ जानेवारी १९८८ ला शिवसेनेचा 'सामना' सुरू झाला आणि २००८ मध्ये नारायण राणे यांचा 'प्रहार'. यांतला 'सामना' वाचायला सगळ्यांत सोपा, कारण तो स्वतःला पक्षाचं मुखपत्रच म्हणवतो. सर्वांसाठी असल्याचं सांगणाऱ्या आणि मालकाचं राजकारण आतल्या पानांत वागवणाऱ्या पेपराच्या वाचकाला जास्त कष्ट पडतात. अर्थात मालक अमुक पक्षाचा म्हणून प्रत्येक बातमी खोटी, असंही नाही. त्याच पेपरातला पाणीटंचाईचा वृत्तांत तंतोतंत असू शकतो.

मालकाखेरीज दुसरा धनी असतो तो जाहिरातदार, आणि तो कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही. छोट्या दैनिकाचं आणि साप्ताहिकाचं पोट भरतं ते निविदा सूचनांवर, वकिलांच्या जाहीर नोटिसांवर आणि सरकारी जाहिरातींवर. त्यासाठी शासनाच्या यादीवर असावं लागतं. 'आमचं साप्ताहिक यादीवर आहे' हे वाक्य त्या धंद्यात अभिमानाने सांगितलं जातं. उरलेली भर पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीची. जो तालुका प्रतिनिधी नगराध्यक्षांची बातमी देतो, तोच त्यांच्या वाढदिवसाला अर्धं पान जाहिरात आणतो आणि त्यावर कमिशन घेतो. या माणसाने नगरपालिकेच्या टेंडरवर काय लिहावं अशी आपली अपेक्षा आहे?

या व्यवस्थेचा टोकाचा प्रकार २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उघडा पडला. मतदान १३ ऑक्टोबरला होतं. त्याआधीच्या दिवसांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं गुणगान करणारी पानंच्या पानं बातमीच्या रूपात आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती जमवली. नोव्हेंबर अखेरीस त्यांनी दाखवून दिलं की एकच मजकूर, शब्दाला शब्द जुळणारा, एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत छापून आला होता. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये दाखवले होते. आपण कुणालाही पैसे दिले नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

वाचकाच्या हाती एक साधं हत्यार या प्रकरणाने दिलं: दोन पेपर शेजारी ठेवा. एकच मजकूर दोन्हींत स्वल्पविरामासकट आला असेल, तर तो बातमीदाराने लिहिलेला नाही. निदान प्रसिद्धिपत्रक आहे, त्याहून वाईटही असू शकेल.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या, म्हणजे 'पेड न्यूज'च्या चौकशीसाठी प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. तिचा नावानिशीचा अहवाल २०१० मध्ये तयार झाला. कौन्सिलने बहुमताने तो आखडता घेतला आणि मूळ अहवाल लोकांपुढे आला तो केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनेच वृत्तपत्रांची नावं झाकून ठेवावीत, याहून बोलका पक्षपात शोधूनही सापडणार नाही. चव्हाणांच्या खर्चाची चौकशी करण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. आयोगाने बजावलेली कारणे दाखवा नोटीस त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. उत्तर प्रदेशात मात्र उमलेश यादव या आमदार २०११ मध्ये अशाच प्रकरणात अपात्र ठरल्या होत्या.

आता निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती बसते. तिथले कर्मचारी रोज सकाळी स्थानिक पेपर चाळून संशयास्पद मजकुराची कात्रणं काढतात. मजकूर पेड न्यूज ठरला तर जाहिरातीच्या दराने त्याची किंमत काढून ती उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. पेपरवर कारवाई करण्याचा अधिकार समितीला नाही, ते प्रकरण प्रेस कौन्सिलकडे जातं, आणि कौन्सिल फार तर समज देऊ शकते किंवा ताशेरे ओढू शकते. उमेदवाराला नोटीस गेली की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: मी एक पैसाही दिलेला नाही, पेपरने आपणहून छापलं.