‘द सिम्स’: जुन्या-नव्या भागांच्या वादामागची गोष्ट

आभासी माणसांचा संसार चालवायच्या ‘द सिम्स’ या संगणकीय खेळमालिकेचे जुने भाग सरस की नवे, हा वाद खेळाडूंमध्ये बहुधा ग्राफिक्सवरून सुरू होतो आणि लवकरच बालपणीच्या आठवणींवर येऊन थांबतो. वास्तविक या चार मुख्य भागांची तुलना करायची, तर प्रत्येक भागाने खेळाचा केंद्रबिंदू कुठे ठेवला हे आधी पाहायला हवे, कारण तो दर वेळी हलला आहे.

मालिकेचे मूळ एका आगीत आहे. 1989 मध्ये ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ बनवणारे विल राइट यांचे घर 1991 साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर भडकलेल्या वणव्यात जळून गेले. संसार नव्याने मांडताना कोणती वस्तू खरोखर लागते आणि ती का लागते, या विचारातून त्यांना घर बांधण्याच्या खेळाची कल्पना सुचली. त्यातली माणसे सुरुवातीला केवळ घर राहण्याजोगे आहे की नाही हे ठरवण्यापुरतीच होती. पुढे तीच घरापेक्षा अधिक रंजक ठरली. तरीही फेब्रुवारी 2000 मध्ये आलेल्या पहिल्या भागावर वस्तूंचेच राज्य होते. भूक, झोप, स्वच्छता अशा आठ गरजा आणि त्या भागवण्याचे आमिष दाखवणाऱ्या वस्तू, एवढ्यावर त्याची यंत्रणा चाले; फ्रीज जणू भुकेल्या सिमला, म्हणजे खेळातल्या माणसाला, स्वतःहून हाक मारी. त्या जगात मुले कधी मोठी होत नसत आणि मोठी माणसे म्हातारी होत नसत.

सप्टेंबर 2004 मधील दुसऱ्या भागाने काळ आणला. बालपण ते वार्धक्य हा प्रवास, आईवडिलांचे नाक-डोळे घेऊन जन्मणारी मुले, इच्छा आणि भीती, मनात साठणाऱ्या आठवणी यांमुळे खेळ घराचा न राहता घराण्याचा झाला. बारकाव्यांच्या बाबतीत माझ्या मते हाच भाग आजही सर्वांत श्रीमंत आहे: यात फ्रीज रिकामा होतो आणि किराणा भरावा लागतो. पहिल्या भागातील बेला गॉथ हे पात्र येथे बेपत्ता झालेले आढळते, आणि हे कोडे खेळाडू अजूनही चघळत असतात.

जून 2009 मधील तिसऱ्या भागाने अख्खे गाव खुले केले. सिम घरातून निघून लोडिंगविना बाजारात पोहोचू लागला आणि सोफ्यापासून सदऱ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा रंग व पोत मनासारखा बदलता येऊ लागला. या स्वातंत्र्याची किंमत संगणकाने मोजली. भरलेले गाव हळूहळू रखडू लागे.

चौथ्या भागाकडे बघताना हे रखडणे लक्षात ठेवले पाहिजे. सप्टेंबर 2014 मध्ये तो आला तेव्हा खुले गाव गेले होते, रंग-पोत बदलण्याची सोय गेली होती, आणि त्याच्या बदल्यात भावनांनुसार वागणारे, एका वेळी दोन-तीन कामे करणारे सिम मिळाले. पोहण्याचे तलाव आणि रांगणारी-दुडदुडणारी मुलेही त्यात नव्हती. तलाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले; मुलांना मात्र जानेवारी 2017 पर्यंत वाट पाहावी लागली. पहिल्या भागापासून ओळखीचा असलेला घरफोड्या तर थेट 2025 मध्ये परतला, आणि चोर आला म्हणून लोकांना आनंद व्हावा असा प्रसंग तसा विरळाच!

दोन भागांची तुलना म्हणूनच नेमक्या कोणत्या वर्षी केली, यालाही महत्त्व आहे. सलग मोफत अपडेट्स आणि खेळात नवी भर घालणाऱ्या विकतच्या पॅकमुळे आजचा चौथा भाग 2014 मधील भागाहून फार वेगळा आहे, आणि ऑक्टोबर 2022 पासून त्याचा बेस गेम, म्हणजे पॅकविना मूळ खेळ, मोफत आहे. पॅक मात्र वेगळे विकत घ्यावे लागतात. जानेवारी 2025 मध्ये मालिकेच्या पंचविशीनिमित्त पहिले दोन भाग आजच्या संगणकांसाठी पुन्हा विक्रीला आले, त्यामुळे ज्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते अशा खेळाडूंनाही आता दुसऱ्या भागातला फ्रीज स्वतः भरून पाहता येतो.