गणना की अंदाज? वाघांच्या आकड्यामागची गोष्ट

दर चार वर्षांनी देशातल्या वाघांचा आकडा जाहीर होतो आणि बातमीत ठरलेला शब्द येतो : व्याघ्रगणना. खरे तर २००६ पासून जे होते ती गणना नाही, अंदाज आहे. निम्मे वाद या एका शब्दातून उपजलेत.

शिकारीचा जमाना सर्वांना ठाऊक आहे. १९७२ च्या देशव्यापी मोजणीत १,८२७ वाघ निघाले आणि पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प आला. मोजणीचा आधार होता पाऊल. झाडोऱ्यातून वाट काढण्यापेक्षा वाघाला गाडीवाट, कोरडा नाला बरा वाटतो, त्यामुळे मऊ धुळीत ठसे सापडतात. वनरक्षक ठशावर काच धरून मागच्या डाव्या पंजाची रेघ उतरवायचे. चौकोनात बसणारा पंजा नराचा, लांबट असला तर मादीचा. पण तोच पंजा चिखलात पसरतो, शिवाय चालताना मागचा पाय अनेकदा पुढच्याच्या ठशावर पडतो. एका वाघाचे दोन व्हायला एवढे पुरे.

२००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ होते, जंगलात एकही नव्हता. काच गेली, कॅमेरा आला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यातही डाव्या-उजव्या कुशीचे निराळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. जे वाघ फोटोत येत नाहीत, त्यांची संख्या खाणाखुणा आणि भक्ष्याचे प्रमाण यांवरून गणिताने काढतात. वर्षाच्या आतले बछडे यात धरत नाहीत.

खरी गल्लत इथे झाली. २००१-०२ चा ठशांवरचा आकडा ३,६४२, २००६ चा १,४११. ‘निम्म्याहून जास्त वाघ संपले’ अशी ओरड झाली. वाघ घटले होतेच, पण माप बदलले होते आणि दुसऱ्या आकड्यात सुंदरबन नव्हतेच. २०२२ चा अंदाज ३,१६७ ते ३,९२५ असा होता. मथळ्यात मात्र मधला ३,६८२ एकटाच झळकला, जणू कोणी शेपट्या मोजल्या होत्या.

जुनी पद्धत गेली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर वनरक्षकाची नजरही बाद ठरवली, हे मला पटत नाही. कॅमेरा कोणत्या वाटेवर, कोणत्या झाडाला बांधायचा, हे अजूनही धुळीतला ठसा पाहूनच ठरते.