परमवीरचक्र म्हणजे मरणोत्तरच?

‘परमवीरचक्र फक्त शहीदांनाच मिळतं’ असं छातीठोकपणे सांगणारे दर २६ जानेवारीला भेटतात. खरं नाही. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ मरणोत्तर. बाकीचे ७ जिवंतपणी.

त्यातलेच कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे. पोलीस शिपायाचा मुलगा, १९४० मध्ये लष्कराच्या बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती. एप्रिल १९४८, पाकिस्तानशी युद्ध चालू, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता: सुरुंग, आडवी झाडं, वरून गोळीबार. मांडीला जखम झालेली, तरी राणे सुरुंगांतून चालत्या रणगाड्याखाली सरपटत वाट काढत होते. दोरी ओढली की वर चालकाला इशारा. (रणगाड्याखाली!)

मेजर म्हणून १९६८ मध्ये निवृत्त झाले. निधन १९९४ मध्ये, पुण्यात.