दीड हजार तासांचा उंबरठा

पुण्यातल्या घरात टेबलावर नव्या पायलटचं उघडं लॉगबुक असतं. शेवटच्या ओळीतली उड्डाणाच्या तासांची बेरीज दोनशेच्या थोडी वर. फ्लॅटवर काढलेलं कर्ज त्या एका आकड्यात उतरलेलं असतं. या बेरजेवर भारतात थेट एअरबसच्या उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) सीटवर बसता येतं, अमेरिकेतल्या रीजनल (छोट्या मार्गांवरच्या) विमान कंपनीत मात्र येत नाही.

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ एका रीजनल कंपनीचं विमान कोसळलं, 50 माणसं गेली. तुटपुंजा पगार आणि नोकरीसाठी रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर येणारी फर्स्ट ऑफिसर, हे सारं चौकशीत उघड झालं. 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून उजव्या सीटलाही 1500 तासांची अट लागली. वाद इथेच आहे. त्या विमानाचा कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर, दोघांच्याही नावावर दीड हजारांहून जास्त तास होते. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल जाण्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने कंट्रोल पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. ही चूक तासांची नव्हती, तालमीची होती. मृतांचे नातेवाईक तरी आजही अटीवर ठाम आहेत आणि त्यांचं दुःख हलकं लेखता येणार नाही. त्याच नियमात, मान्यताप्राप्त संस्थेची विमानशास्त्राची चार वर्षांची पदवी असल्यास 1500 ऐवजी 1000 तासांची सवलत मिळाली. माझ्या मते अटीने सुरक्षेपेक्षा पगार जास्त बदलला. पूर्वी वर्षाला वीसेक हजार डॉलरवर सुरुवात व्हायची. 2022 मध्ये काही रीजनल कंपन्या नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला 90 डॉलर देऊ लागल्या. ‘पायलटांची टंचाई’ म्हणतात ती ही. पण तिथे काम करण्याचा हक्क नसेल, तर आपल्या मुलांना तिचा उपयोग नाही.

आपल्याकडे ‘रीजनल’चा अर्थच वेगळा. तिकडे मोठ्या कंपनीच्या नावाने, तिच्याच रंगात उडणारी छोटी विमानं. इकडे लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या, 2017 मध्ये उड्डाणं सुरू झालेल्या ‘उडान’ या सरकारी योजनेच्या अनुदानावरची एटीआर ही छोटी पंख्याची विमानं. लहान कंपन्या आल्या आणि बंदही पडल्या. 1500 तास इथेही लागतात, पण कॅप्टन होताना. त्याआधी टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचे लाखो रुपये बहुतेकदा स्वतःच्या खिशातून जातात. त्यात 2012, 2019 आणि 2023 मध्ये मोठ्या कंपन्या बंद पडल्या, तेव्हा अनुभवी पायलट बाजारात आले आणि ताजा सीपीएलवाला (नवं व्यावसायिक पायलट लायसन्स मिळालेला) रांगेत मागे ढकलला गेला. परदेशात शिकून आलेल्याला तर आधी इथले पेपर देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतं.