नट-नाटककार (नाशिक)

स्वतः रंगमंचावर उभा राहणारा आणि नाटकही लिहिणारा रंगकर्मी. मराठीत ही परंपरा जुनी आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्या रात्री तिथे ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. त्याचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे नट आणि तालीममास्तरही होते.

नाशिकमधले ठळक उदाहरण वि. वा. शिरवाडकर यांचे. ज्ञानपीठविजेते कवी कुसुमाग्रज म्हणून मनात ठसलेल्या प्रतिमेत त्यांचा उमेदवारीचा काळ झाकला जातो. बी.ए. झाल्यावर ते नाशिकच्याच गोदावरी सिनेटोनमध्ये गेले, ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मण रंगवला. चित्रपट चालला नाही. पुढे बरीच वर्षे वृत्तपत्रांत गेली. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये त्यांनी निवृत्त नट उभा केला, मात्र त्यांचा स्वतःचा अभिनय त्या तरुणपणीच्या भूमिकेपलीकडे फारसा गेला नाही. वसंत कानेटकर यांनी प्राध्यापकी सांभाळून नाशकात राहून नाटके लिहिली, पण ते नट नव्हेत.

आजचा नाशिककर नट-नाटककार प्रामुख्याने हौशी रंगभूमीवर घडतो: एकांकिका स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धा आणि १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा. पोट नोकरीवर चालते. तालीम कामावरून सुटल्यावर, रात्री. एखाद्याला रात्रपाळी लागली की त्याचा प्रवेश पुढेमागे करावा लागतो, आणि लेखक तिथेच भूमिका करत असल्याने संहिताही जागेवर बदलते. लिहिताना झोकदार वाटलेले वाक्य बोलताना दम पुरत नाही, तेव्हा त्यावर पहिली काट तोच मारतो. हे फेरफार वेळेत उरकावे लागतात, कारण प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. अभिनयाचे रौप्यपदक मिळाले तरी त्यावर घर चालत नाही. ‘नाईट’, म्हणजे प्रयोगामागे ठरलेले मानधन, व्यावसायिक नाटकात शिरल्यावरच सुरू होते. मधल्या काळात आकाशवाणीची श्रुतिका, बालनाट्य शिबिरे, पथनाट्ये, सूत्रसंचालन, मालिकेतला दोन दिवसांचा इन्स्पेक्टर असे मिळेल ते काम केले जाते.

व्यावसायिक रंगभूमी म्हणजे मुंबई-पुणे, हे समीकरण अजून पुरते मोडलेले नाही. तरी नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’चा प्रवास एकांकिकेपासून व्यावसायिक नाटकापर्यंत झाला, आणि त्यासाठी त्यांना २०२० चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला.